फ्रॅकमध्ये रेती सारखी अडकतेय? पॅड वाढवण्याआधी हे तपासा

फ्रॅक म्हणजे गवारीच्या डिंकाने घट्ट केलेलं पाणी, म्हणजे जेल, दाबाने तेलविहिरीत सोडून खडकात भेग पाडायची आणि ती मिटू नये म्हणून रेतीचा टेकू द्यायचा. विहीर नवी, पण रोग जुनाच. पॅड, म्हणजे रेतीआधीचं नुसतं जेल, सुरळीत जातो. गॅलनमागे एक पौंड, दोन पौंड, तीन पौंड रेती जाते. चार पौंडाची पायरी लागते आणि मॉनिटरवरची प्रेशरची रेष ताठ उभी राहते. व्हॅनमध्ये कुणीतरी ओरडेपर्यंत पंप आपोआप ट्रिप झालेले असतात. जी रेती खडकात जायची तिच्यातली निम्मी ट्यूबिंगमध्ये (विहिरीतल्या नळीत), आणि पुढचे चार दिवस कॉइलच्या युनिटची (बारीक लवचीक नळी आत घालून रेती धुऊन काढणाऱ्या यंत्राची) वाट बघण्यात. अहवालात ‘मुदतपूर्व स्क्रीन-आउट’, म्हणजे रेती वेळेआधीच तुंबली, असं लिहून होतं. पुढच्या विहिरीच्या डिझाइनमध्ये पॅड वीस टक्क्यांनी वाढतो, जेल थोडं घट्ट होतं. ती विहीर निभावते. तिच्या पुढची पुन्हा अडकते.

उत्तर गुजरातेत कडी-कलोल-मेहसाणा पट्ट्यातल्या तेलविहिरींवर हे मी इतक्यांदा पाहिलंय की ‘पॅड वाढवा’ हे वाक्य ऐकलं की मला राग येतो. पॅड कमी पडणं हे चार-पाच कारणांपैकी एक कारण. बाकीच्यांवर ते औषध नाहीच, उलट अपाय करतं. लांबलेला पॅड भेग वर-खाली वाढवतो आणि शेजारचा पाण्याचा थर जवळ असेल तर तेलाऐवजी पाणी वर आणतो. जेल घट्ट केलं तर त्यातला गवारीचा न विरघळणारा गाळ, साधारण ६ ते १० टक्के, टेकूच्या रेतीतच अडकून बसतो. घनमीटरला ३.६ किलोवरून ४.८ किलोवर गेलात म्हणजे तो गाळ एक तृतीयांशाने वाढवलात. रेती गेली म्हणून साइटवर पेढे वाटले जातात, आणि दोन महिन्यांनी विहीर फ्रॅकआधी देत होती तेवढंच तेल देते.

(या कामात नवे असाल तर: पौंड म्हणजे एका गॅलन जेलमध्ये घातलेली रेती, १ पौंड म्हणजे घनमीटरला सुमारे १२० किलो. पॅड म्हणजे रेती सोडण्याआधी नुसतं जेल पाठवून भेग उघडायची, तो पहिला टप्पा.)

गावी कुणी विचारलं की मी जलभंजनाचं उदाहरण देतो. आटलेल्या हातपंपाच्या विंधण विहिरीत भूजल सर्वेक्षणवाले दाबाने पाणी सोडतात, बुजलेल्या भेगा मोकळ्या होतात, ते आपल्याकडे बऱ्याच जणांनी पाहिलेलं असतं. तिथे रेती लागत नाही. खोली कमी, बेसॉल्ट टणक, एकदा हललेल्या भेगेच्या कडा पुन्हा तंतोतंत बसत नाहीत, तेवढी फट पाण्याला पुरते. दीड किलोमीटर खाली गाळाच्या खडकात मात्र पंप थांबला की चहूबाजूंचा ताण भेग मिटवून टाकतो. म्हणून टेकू हवा: २०/४० जाळीची रेती किंवा सिरॅमिकचे मणी, ०.४२ ते ०.८४ मिलिमीटरचे. मुंबई हायचं ऐकून कुणी विचारतं, तिथे हे का करत नाहीत? तिथला मुख्य खडक चुनखडीचा, तो आम्लाने विरघळतो, त्यामुळे तिथे आम्लानेच भागतं. आमच्या खंभात खोऱ्यातल्या कलोल थरात वाळूखडक, गाळखडक, शेल आणि मध्येमध्ये कोळशाचे पट्टे. (सगळ्याच्या तळाशी परत आपला दख्खनचा काळा पाषाणच आहे, पण ते असो.) त्या कोळशाकडे नंतर येऊ.

आधी घड्याळ बघा

स्क्रीन-आउटचा चार्ट समोर घेतला की सगळे प्रेशरचा आकडा बघतात. मी आधी वेळ बघतो. रेती ब्लेंडरमधून (जेलमध्ये रेती कालवणाऱ्या यंत्रातून) निघाली कधी आणि परफोरेशनला (विहिरीच्या पोलादी नळीला थराजवळ पाडलेल्या भोकांना) पोचली कधी?

हिशोब सोपा आहे. साडेतीन इंची ट्यूबिंग, १५०० मीटर खोली, म्हणजे पोटात साधारण ४३ बॅरल मावतात. मिनिटाला २० बॅरलच्या रेटला वरची रेती खाली पोचायला सव्वादोन मिनिटांच्या आत-बाहेर. आता चार्टवर चार पौंडाची पायरी सुरू झाल्याच्या क्षणापासून सव्वादोन मिनिटं पुढे जा. तिथेच प्रेशर काही सेकंदांत उभं चढलं असेल, तर रेती भेगेत शिरलीच नाही, दारातच तुंबली. दोष विहिरीच्या तोंडाशी आहे: भोकं किंवा त्यांच्यापासून भेगेपर्यंतची वाकडी वाट. पॅड दुप्पट केलात तरी दार तेवढंच राहणार.

उलट प्रेशर पाच-सात मिनिटं हळूहळू, एका लयीत चढत गेलं असेल, तर रेती भेगेत गेली आणि टोकाशी अडकली. जेल खडकात मुरून गेलं, रेती सुकी पडली. इथे पॅडचा प्रश्न खरा असू शकतो. निव्वळ प्रेशर (भेगेतलं प्रेशर वजा ती मिटतानाचं) आणि वेळ दोन्ही लॉग कागदावर काढले तर या चढाचा उतार एकाच्या आसपास येतो. दोनच्या वर गेला तर पुन्हा दाराकडे बघा.

आणि तिसरा प्रकार, ज्याकडे कुणी लक्षच देत नाही: प्रेशर कुठल्याही पायरीशी जुळत नाही, मध्येच चढतं. तेव्हा खडकाला दोष देऊ नका. टाकीकडे जा, ब्लेंडरकडे जा.

दाराची तपासणी: स्टेप-डाउन

मिनी-फ्रॅकच्या (मुख्य कामाआधी रेतीशिवाय केलेल्या छोट्या चाचणीच्या) शेवटी रेट एकदम बंद न करता पायऱ्या-पायऱ्यांनी उतरवायचा, २०, १५, १०, ५, आणि मग बंद. प्रत्येक पायरी दहा-पंधरा सेकंद. याला मिनिटभराहून जास्त लागत नाही, तरी ‘वेळ नाही’ म्हणून हीच चाचणी सगळ्यात आधी कापली जाते.

पाइपमधलं घर्षण वजा केल्यावर जे उरतं ते दाराशी खर्च होणारं प्रेशर. त्यात दोन वाटेकरी. भोकांमधलं घर्षण रेटच्या वर्गाने बदलतं: रेट निम्मा केला तर ते चौथ्यावर येतं. वाकड्या वाटेचं घर्षण रेटच्या वर्गमुळाने बदलतं: रेट निम्मा केला तरी ७० टक्के शिल्लक राहतं. म्हणजे दोन रेटचे दोन आकडे मिळाले की कुणाचा वाटा किती ते कागदाच्या पाठकोऱ्या बाजूवर निघतं.

लागोपाठ अडकलेल्या दोन विहिरी सांगतो. एकाच फील्डमधल्या, एकाच थरातल्या, अहवालात दोन्हींना एकच कारण लिहिलेलं.

पहिलीला २० बॅरलवर दाराशी ९०० पीएसआय जात होते, १० बॅरलवर ६००. सोडवून बघा: भोकांचा वाटा ८०, वाकड्या वाटेचा ८२०. दुसरीला २० बॅरलवर ६४०, १० बॅरलवर २००. इथे उलटं: भोकांचेच सुमारे ५५०.

आता दुसरीचे ५५० म्हणजे काय ते बघा. चार मीटरमध्ये मीटरला १८ प्रमाणे ७२ भोकं पाडलेली, प्रत्येक १० मिलिमीटरचं. सगळी उघडी असती तर २० बॅरलवर घर्षण १२ पीएसआयच्या आसपास यायला हवं. ५५० येतंय म्हणजे उघडी भोकं निघतात अकरा. बहात्तरपैकी अकरा! बाकीची चिखलाने, चुऱ्याने, जुन्या क्षारांनी बुजलेली. त्या अकरा भोकांतून पाच पौंडाची रेती रेटायची म्हणजे लग्नाची सगळी वरात एका खिडकीतून आत घेण्यासारखं.

दोघींचे उपाय वेगळे. बुजलेल्या भोकांवर १५ टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल सोडायचं, सोबत रबरी गोळ्या, म्हणजे उघड्या भोकांवर गोळ्या बसतात आणि आम्लाला बंद भोकांकडे जावंच लागतं. त्यानंतर परत स्टेप-डाउन. तरी उघडली नाहीत तर निमूटपणे पुन्हा परफोरेशन करा. रिगचा एक दिवस जाईल, पण कॉइलचे चार वाचतील. भोकाचा व्यास रेतीच्या दाण्याच्या किमान सहापट हवा हा जुना नियम इथे पाळलेला होता, म्हणून कुणाला शंका आली नाही. व्यास पाळला, पण भोकं मोजली कुणी नाहीत.

वाकड्या वाटेला आम्ल फारसं कामाचं नाही. भेग नेहमी सगळ्यात कमी ताणाच्या दिशेला काटकोनात उघडते, भोकं मात्र जिकडे तोंड करून पाडली तिकडे असतात. भोकातून निघालेली भेग वळण घेत आपल्या दिशेला लागते, आणि त्या वळणावर ती चिंचोळी असते. भोकं पाडलेला पट्टा लांब असेल तर एकाऐवजी तीन-चार भेगा सुटतात आणि प्रत्येकीच्या वाट्याला रुंदी कमी. यावर उतारा म्हणजे पॅडमध्येच अर्ध्या ते एक पौंडाची रेती थोडी थोडी सोडणं. ती वळणं घासून काढते, नको त्या भेगा बुजवते. प्रत्येक हप्ता दारात पोचला की प्रेशर बघायचं. आधी जरा चढून मग पहिल्यापेक्षा खाली बसलं तर वाट मोकळी होतेय. दोन हप्ते गेले तरी प्रेशर जिथल्या तिथे राहिलं, तर त्या दिवशी पाच-सहा पौंडाचं स्वप्न सोडा, तीनवर आटपा. पुढच्या विहिरीला परफोरेशन चार मीटरऐवजी दोन मीटरच घ्या. हे शेवटचं वाक्य भूगर्भवाल्यांना पटवणं हा वेगळाच स्क्रीन-आउट असतो. त्यांना प्रत्येक सेंटिमीटर तेलाला भोक हवं असतं.

पॅड खरंच कमी पडलाय का?

हे ओळखायला मिनी-फ्रॅक. पंप बंद करून प्रेशर कसं उतरतं ते बघायचं आणि भेग मिटण्याचा क्षण जी-फंक्शनवर (पंप बंद केल्यापासूनच्या वेळेच्या एका गणिती मापावर) पकडायचा. त्या क्षणीचा जी १.३३ आला तर जेलची कार्यक्षमता ४० टक्के. म्हणजे पंप केलेल्या जेलपैकी ४० टक्के भेगेत उरलं, बाकीचं मुरलं. अशा वेळी पॅड एकूण कामाच्या ४३ टक्के हवा. जी ०.६७ आला तर कार्यक्षमता २५ टक्केच, आणि पॅड ६० टक्के. (कार्यक्षमता म्हणजे जी भागिले जी अधिक दोन; पॅडचा वाटा म्हणजे एक वजा कार्यक्षमता, भागिले एक अधिक कार्यक्षमता. व्हॅनच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा.)

कोळशाचा पट्टा जवळ असला की हा आकडा फसवतो. कोळशात आधीच बारीक भेगा असतात. प्रेशर ठरावीक पातळीच्या वर गेलं की त्या उघडतात आणि जेल पिऊन टाकतात. प्रेशर खाली आलं की मिटतात. जी-फंक्शनची रेष सरळ जाण्याऐवजी मध्ये पोट काढते, तीच खूण. अशा विहिरीत मिनी-फ्रॅक कमी रेटने केला असेल तर गळती कमी दिसते आणि मुख्य कामाच्या दिवशी दगा होतो. म्हणून मिनी-फ्रॅक मुख्य कामाच्याच रेटने, त्याच जेलने करा. उपायही नुसता पॅड नाही: पॅडमध्ये १०० जाळीची बारीक वाळू घाला, ती त्या फटी बुजवते. आमच्याकडे यावर सगळ्यात जास्त फरक पडला.

टाकीत ताक

मे महिना, कडीजवळची विहीर. संध्याकाळी जेल कालवून टाक्या भरल्या, पंप सकाळी होता. पहाटे ब्लेंडर चालवणारे दादा आले. नंदुरबारचे, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, तरी मला साहेब म्हणतात.

“साहेब, तीन नंबरच्या टाकीत हात घालून बघा.”

“का हो दादा?”

“ताक झालंय.”

आदल्या संध्याकाळी फॅन कंपनीच्या व्हिस्कोमीटरवर (घट्टपणा मोजायच्या यंत्रावर) ३०० आरपीएमला ३४ सेंटिपॉइज होतं. सकाळी २१. वासही आंबूस. कारण साधं: गवारीचा डिंक हे जिवाणूंचं जेवण आहे, आणि गुजरातच्या उन्हाळ्यात ४० अंशावर तापलेली टाकी म्हणजे विरजणाचं भांडं. टाकीच्या तळाशी मागच्या कामाचं जेल राहिलं होतं, तेच विरजण. जंतुनाशक जेल कालवल्यानंतर घातलेलं. ते पाणी भरतानाच जायला हवं, जिवाणूंनी जे एन्झाइम सोडलं ते नंतर जंतुनाशकाने मरत नाही.

हे डिंकाचं प्रकरण बघताना मला नेहमी गंमत वाटते. आपण जिच्या शेंगांची भाजी करतो तीच ही गवार. जगातली बहुतेक गवार भारतात पिकते, त्यातही राजस्थानात. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या शेल विहिरींच्या मागणीने भाव एवढा भडकला की मार्चमध्ये वायदेबाजारातले गवारीचे सौदे बंद करावे लागले. आणि १९४७ साली कॅन्ससच्या ह्यूगोटन फील्डमध्ये जो पहिला प्रयोग झाला, त्यात गवार नव्हतीच; पेट्रोल नापामने घट्ट करून खाली सोडलं होतं. उत्पादनही काही फारसं वाढलं नाही.

जेलच्या बाबतीत आणखी तीन गोष्टी, ज्यांनी मला पोळलंय. एक, पाणी. बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट जास्त असेल तर सामू हवा तिथे आणता येत नाही, आणि बोरेटचा क्रॉसलिंकर (जेलचे धागे एकमेकांत गुंफून ते घट्ट करणारं रसायन) सामू साडेनऊ-दहाच्या आसपास असल्याशिवाय धरत नाही. टँकर बदलला की पाणी बदललं समजा, प्रत्येक टँकरची चाचणी करा. दोन, कपातली चाचणी. क्रॉसलिंक झालेलं जेल एका कपातून दुसऱ्यात ओतलं की खरवसासारखं थुलथुल लोंबतं आणि ओढलं तर परत मागे येतं, ते बघून सगळे खूश होतात. पण ते वरच्या तापमानाचं. खाली ८०-९० अंश आहेत, तिथे ते किती मिनिटं टिकतं हे तापवूनच कळतं. तीन, ब्रेकर, म्हणजे काम झाल्यावर जेल पातळ करणारं रसायन. पर्सल्फेटचा छोटा पंप जरा जास्त टाकू लागला तर जेल भेगेतच फुटतं आणि रेती खाली बसते. हा पंप कामाच्या दिवशी मोजपात्रात एक मिनिट चालवून तपासा. मागच्या कामाचा आकडा धरू नका.

पावसाळ्यात रेतीच्या हॉपरकडेही लक्ष ठेवा. ओली रेती कमान धरते, पडत नाही, आणि मग एकदम कोसळते. चार्टवर घनता दोन पौंडाला असते, विहिरीत क्षणभर सहा पौंडाचा गोळा जातो. डेन्सिटोमीटरच्या सरासरीत तो दिसतही नाही.

अडकलंच तर

दूर टोकाचा हळू चढ दिसला की लोभ सोडा. रेती बंद, फ्लश (नळीतली रेती पुढे ढकलणारा बिनरेतीचा द्रव) चालू. त्या क्षणी ट्यूबिंगमध्ये काय आहे ते आठवा: सहा पौंडावर असाल तर ४३ बॅरलमध्ये जवळजवळ ३.९ टन रेती. ती आत जायला सव्वादोन मिनिटं लागणारच आहेत. निर्णय त्या हिशोबाने आधी घ्या.

दारातच तुंबून पंप ट्रिप झाले तर परत परत दाबून ‘ढकलून बघू’ करू नका. प्रत्येक धक्क्याने रेती आणखी ठासली जाते. जेल फुटण्याआधी, रेती खाली बसण्याआधी, शक्य तितक्या लवकर छोट्या चोकवर (बारीक तोंडाच्या झडपेवर) विहीर उलटी वाहू द्या. जेल जिवंत असेतो तेच रेती वर आणतं. तास-दीड तास ‘ऑफिसला फोन करून विचारू’ करण्यात गेला, की ती रेती खाली बसून पाचशेहून जास्त मीटरचा खांब होतो आणि मग कॉइलशिवाय पर्याय नाही. फ्लो-बॅकची लाइन आधीच नांगरून ठेवलेली असावी, चोक जोडीने, कारण रेती पहिला चोक काही मिनिटांत कापते. आणि त्या वेळी लाइनच्या रेषेत कुणी उभं नको, चहावालाही नाही.

वर आलेली रेती किती टन आली ते मोजा. पंप केली त्यातून ती वजा करा, म्हणजे खडकात खरोखर किती गेली ते कळेल. त्याच आकड्याशेजारी स्टेप-डाउनचे दोन आकडे, मिटतानाचा जी आणि सकाळचं सेंटिपॉइज लिहा, आणि हा कागद पुढच्या विहिरीच्या डिझाइनला टाचणीने लावून ठेवा.